नवा फ्लॅश येईपर्यंत

परवा समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माझ्या एका भाच्याचा निरोप आला. “मावशी, लग्नांची कामं मिळायला लागली आहेत. स्टुडिओचा फ्लॅश घ्यायचाय. नवं मॉडेल येतंय म्हणतात, थोडं थांबू का?”

उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण गेल्या वर्षी हाच प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर सापडेपर्यंत मी एक चूक केली, ती दुसऱ्यावर ढकलली, आणि शेवटी महेश्वरला जाऊन कबूल केली. म्हणून सविस्तर लिहिते आहे. गटावर एवढं कोणी वाचत नाही, इथे निवांत वाचाल.

आमचा स्टुडिओ इंदूरला रामबागेत आहे. बाबांनी तो १९८१ मध्ये सुरू केला. तेव्हा फोटो काढायचा म्हणजे मोठमोठे फोटोफ्लड बल्ब लावायचे. दोन बल्ब लावले की खोली तापायची. लग्न ठरवण्यासाठी फोटो काढायला आलेल्या मुलीची पावडर घामानं ओघळायची आणि तिची आई शेजारी उभी राहून पदरानं वारा घालायची. पुढे बाबांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घेतले, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते म्हणे. या फ्लॅशमध्ये वीज आधी कपॅसिटरमध्ये साठते आणि बटण दाबताच झेनॉन वायूच्या नळीतून एका झटक्यात बाहेर पडते. उजेड बल्बापेक्षा कितीतरी जास्त, पण तो क्षणभरच असल्यामुळे माणूस तापत नाही.

आता स्टुडिओ मी बघते. बाबा रोज अकरा वाजता येतात, काउंटरवर बसतात आणि दीड वाजता जेवायला घरी जातात. माझ्याकडे फ्लॅश होते दोन, २००९ मध्ये घेतलेले, विजेवर चालणारे, प्रत्येकी ३०० वॉट-सेकंदांचे. पासपोर्ट फोटो, मुंज, डोहाळजेवण, बारसं, सगळं त्यांच्यावर निभावत होतं. गेली तीन वर्षं एक नवं काम मिळालं होतं. महेश्वरचा एक लहानसा विणकरांचा गट आहे. त्यांच्या साड्या ऑनलाइन विकल्या जातात आणि त्यांचे फोटो मी काढते. गट चालवणाऱ्या बाईंना सगळे दीदी म्हणतात, मीही म्हणते.

जुलैमध्ये दीदींचा फोन आला. तीन साड्या परत आल्या होत्या. गिऱ्हाइकांचं म्हणणं एकच, “फोटोत रंग वेगळा होता.” हातमागावरची साडी विणायला कितीतरी दिवस जातात. ती परत येते तेव्हा तिच्याबरोबर तेवढ्या दिवसांची मजुरी अडकते. दीदी रागावल्या नव्हत्या, नुसतं विचारत होत्या, “असं का झालं असेल?”

आणि मी पटकन बोलून गेले, “दीदी, माझे लाइट जुने झालेत. रंग धरत नाहीत. आता नवे घेणारच आहे.”

हे बोलण्याचं कारण होतं. त्याच आठवड्यात एका कंपनीनं नव्या फ्लॅशची घोषणा केली होती. जास्त शक्ती, प्रत्येक फोटोला तोच रंग, पाऊण सेकंदात पुन्हा तयार, बॅटरीवर चालणार, वर छोटा पडदा. ऑक्टोबरअखेरीस बाजारात येणार होता. मी ती जाहिरात इतक्या वेळा पाहिली की घरात सगळ्यांना पाठ झाली. बँकेत नव्वद हजार बाजूला काढलेले होते. ते खरं तर स्टुडिओच्या गळक्या गच्चीसाठी होते. पण मी मनात हिशेब जुळवला होता: गच्ची पुढच्या पावसाळ्याआधी बघू, आधी फ्लॅश.

अडचण एवढीच होती की दीदींना नवरात्र-दिवाळीच्या विक्रीसाठी साठ साड्यांचे फोटो गणपतीपर्यंत हवे होते. नवा फ्लॅश येणार ऑक्टोबरअखेर. मी त्यांना सांगणार होते की या वेळी जरा उशीर होईल, पण फोटो उत्तम येतील.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी काउंटरखालून एक जुनी वही काढली. महिन्यामहिन्याची आवक तिच्यात लिहिलेली. २००४ ते २००७ ही पानं त्यांनी मला दाखवली. त्या काळात ते डिजिटल कॅमेऱ्यासाठी थांबले होते. दर वर्षी कॅमेरा स्वस्त होत होता आणि आधीपेक्षा चांगला येत होता, म्हणून दर वर्षी आणखी एक वर्ष थांबणं शहाणपणाचं वाटायचं. तोवर शेजारच्या गल्लीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन एक दुकान उघडलं आणि पासपोर्ट फोटोवाले तिकडे वळले. वहीतले आकडे दर पानाला लहान होत गेलेले दिसत होते.

“वाट बघायला पैसे लागत नाहीत असं वाटतं,” बाबा म्हणाले. “लागतात. फक्त त्याचं बिल कोणी देत नाही.”

मी म्हटलं, “म्हणजे आताच घेऊ?”

“मी असं कुठे म्हटलं?” मग त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे प्लॅस्टिक पांघरलेला रंगीत फोटोंचा एन्लार्जर आहे. तो त्यांनी १९९९ मध्ये घाईनं घेतला होता आणि चार-पाच वर्षांत फिल्मचं कामच आटलं. “हा पण बघ. बेटा, आधी मला हे सांग, तुझं काम नेमकं कशानं अडलंय? ‘लाइट जुने झाले’ हे उत्तर नाही. तुझा बाप पण जुना झालाय.”

मला राग आला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मला खरंच माहीत नव्हतं. मी एकदाही तपासलं नव्हतं.

मग एका रविवारी स्टुडिओ बंद ठेवून मी तपासायला बसले. भाच्या, हे तुला कुठलाही फ्लॅश घेण्याआधी करता येईल, म्हणून नीट लिहिते. राखाडी रंगाचं एक कार्ड मिळतं, ग्रे कार्ड. ते दीड मीटरवर उभं केलं. कॅमेऱ्याची सगळी मापं हातानं पक्की केली, काहीही आपोआप बदलणार नाही अशी. मग एकाच फ्लॅशनं वीस फोटो काढले. शक्ती अर्धी करून वीस, आणखी कमी करून वीस. मग दुसऱ्या फ्लॅशनं तेच. कार्ड राखाडीच आहे, त्यामुळे फोटोत ते पिवळट किंवा निळसर दिसलं तर दोष बाहेरचा आहे हे उघड होतं.

चार गोष्टी कळल्या.

पहिली, काही फोटो मध्येच काळपट येत होते. फ्लॅश पुन्हा भरल्याची खूण म्हणून छोटा दिवा लागतो. मी घाईत तो लागण्याआधीच बटण दाबत होते. यात फ्लॅशचा काही दोष नव्हता. मी दोन सेकंद थांबले की सगळे फोटो सारखे.

दुसरी, डाव्या आणि उजव्या फ्लॅशचा रंग वेगळा होता. डावा पिवळट. मी फ्लॅश अदलाबदल केले, तरी पिवळेपणा डावीकडेच राहिला. मग लक्षात आलं की डावीकडचा सॉफ्टबॉक्स नऊ वर्षांचा आहे आणि त्याच्या पुढचं पांढरं कापड पिवळं पडलं आहे. उजवीकडचा दोन वर्षांपूर्वी घेतलेला. म्हणजे साडीचा अर्धा भाग एका रंगाच्या उजेडात आणि अर्धा दुसऱ्या. हे कॉम्प्युटरवरही नीट सुधारत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

तिसरी, शक्ती कमी केली की माझ्या फ्लॅशचा रंग खरंच थोडा पिवळट होत होता. हा मात्र त्यांचाच गुण. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशमध्ये शक्ती कमी करायची म्हणजे कपॅसिटरमधला दाब कमी करायचा, आणि दाब कमी झाला की रंग पिवळ्याकडे सरकतो. उपाय साधा निघाला: शक्ती बदलायची नाही, फ्लॅशचं अंतर बदलायचं. फ्लॅश दोन मीटरवरून साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर आणला की साडीवर पडणारा उजेड दुप्पट होतो. नव्या फ्लॅशच्या जाहिरातीत दुप्पट शक्तीसाठी जेवढे पैसे मागितले होते, तेवढा उजेड मला स्टँड दोन पावलं पुढे सरकवून मिळत होता. जरीकाठाची छाया तेवढी बदलते, ती पाहून घ्यावी लागते.

पण एवढं करूनही परत आलेल्या साड्यांचं कोडं सुटेना. पिवळेपणा इतका नव्हता की जांभळी साडी कोणाला निळी वाटावी.

ते कोडं बाबांनी सोडवलं. परत आलेल्या तिघींपैकी एक साडी दीदींनी माझ्याकडे पाठवली होती. बाबांनी ती काउंटरवर पसरली, एक टोक उचललं, खाली केलं, पुन्हा उचललं. टोक वर होतं तेव्हा साडी राणी रंगाकडे झुकत होती आणि खाली येताना निळी. महेश्वरी साडीत बहुतेक वेळा रेशीम आणि सूत एकत्र असतं. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की कापड बघणाऱ्याच्या कोनाप्रमाणे रंग बदलतं. आपल्याकडे त्याला धूपछाँव म्हणतात. मी साडी तिरक्या फळीवर टाकून एकाच बाजूनं उजेड टाकला होता. फोटोत राणी रंग आला. घरी जाऊन गिऱ्हाइकानं घडी उलगडली, तर निळी. गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं आणि फोटोही खोटा नव्हता. पण तो अर्धाच होता.

“आमच्या वेळी पैठणी नेसलेली नवरी आली की मी आधी तिला खिडकीपाशी फिरवायचो,” बाबा म्हणाले. “कुठल्या बाजूनं साडी बोलते ते कळायचं. मग दिवा लावायचो.”

दिवा हाताशी नसतानाही याच इंदुरात लाला दीनदयाळांनी छायाचित्रण सुरू केलं होतं. सरकारी बांधकाम खात्यातली नोकरी करता करता, १८७०च्या दशकात. मोठ्या इमारतींचे त्यांचे फोटो आजही लोक बघतात, आणि ते सारे सूर्याच्या उजेडात काढलेले. उजेड कुठून येतो आहे एवढं बघायला नवं यंत्र लागत नाही. मी ते बघितलंच नव्हतं. आणि दीदींना सांगून बसले होते की लाइट जुने झाले.

चौथी गोष्ट मात्र खरोखर फ्लॅशची होती. दिवाळीसाठी दीदींना एक खास फोटो हवा होता: विणकराचीच मुलगी साडी नेसून उभी आणि पदर वाऱ्यावर उडालेला. आमच्या शेजारच्या मुलीला उभं करून मी तो प्रयोग केला. चेहरा सुरेख यायचा, पण पदराच्या जरीची कड पुसट. माझ्या जुन्या फ्लॅशचा झोत पुरेसा आखूड नव्हता. तो चालू असेपर्यंत पदर पुढे सरकत होता, आणि शक्ती कमी केली की झोत आणखी लांबत होता. गेल्या काही वर्षांतल्या आयजीबीटी पद्धतीच्या फ्लॅशमध्ये याच्या उलट होतं. तिथे ठरावीक उजेड पडला की झोत मध्येच छाटला जातो, म्हणून शक्ती कमी केली की तो आखूड होतो आणि उडता पदर थिजल्यासारखा येतो. छाटल्यामुळे रंग थोडा निळ्याकडे जाऊ शकतो, म्हणून चांगल्या फ्लॅशमध्ये त्याची वेगळी काळजी घेतलेली असते.

आता मला वहीत लिहिता आलं: माझं काम एका ठिकाणी अडलं आहे, आखूड झोतापाशी. बाकी सगळं मी किंवा पिवळं कापड.

मग मी येणाऱ्या फ्लॅशची जाहिरात पुन्हा काढली आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण केली. जास्त शक्ती: नको, खोली बारा बाय अठराची आहे. पाऊण सेकंदात तयार: साडी कुठे पळून जात नाही. बॅटरी: स्टुडिओत वीज आहे, पण बाहेरच्या कामाला उपयोगी. आखूड झोत: हवाच. आणि मग मी बाजारात आधीपासून असलेल्या फ्लॅशची माहिती काढली. आखूड झोत त्यांच्यातही होता, कित्येक वर्षांपासून. मला हवं होतं ते दुकानात पडून होतं आणि मी न आलेल्या वस्तूकडे डोळे लावून बसले होते.

तरीही लगेच विकत घेतलं नाही. लग्नाच्या कामांना भाड्यानं सामान देणारे आपल्याकडे आहेत. त्यांच्याकडून तो फ्लॅश एका दिवसासाठी आठशे रुपयांत आणला. पदराची जर धारदार आली. माझे जुने सॉफ्टबॉक्सही त्याला बसले, कारण जोडणीचं माप तेच, बोवेन्सचं. गंमत म्हणजे बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद झाली, पण तिचं माप इतर कंपन्यांनी उचलल्यामुळे आजही चालतं. हे न बघता वेगळ्या जोडणीचा फ्लॅश घेतला असता, तर सगळे सॉफ्टबॉक्सही नवे घ्यावे लागले असते.

आता राहिलं ते दीदींना सांगणं. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी पुन्हा काहीतरी पटकन बोलून गेले असते. म्हणून परत आलेली साडी पिशवीत घातली आणि महेश्वरला निघाले. इंदूरपासून नव्वदेक किलोमीटर. मानपूरचा घाट उतरला की निमाडची हवा अंगाला लागते.

माग चालू होते. एक बाई काठ विणत होत्या. मध्येच थांबून त्या मान तिरकी करून कापडाकडे बघायच्या आणि पुन्हा विणायला लागायच्या. मी दीदींसमोर साडी पसरली, टोक वर-खाली केलं आणि म्हटलं, “लाइट जुने झाले म्हणून मी सांगितलं, ते खरं नव्हतं. साडीचा एकच रंग मी दाखवला. चूक माझी होती. परत आलेल्या तिन्ही साड्यांचे फोटो मी पुन्हा काढते, पैसे नकोत.”

दीदी काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी मागावरच्या बाईंना हाक मारली. त्या उठून आल्या, साडी हातात घेतली आणि निमाडीत काहीतरी म्हणाल्या. दीदी हसल्या. “ही साडी हिनंच विणली आहे. म्हणते, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

मला हसू आलं नाही. तीन वर्षं मी त्यांच्या साड्यांचे फोटो काढत होते आणि साडी विणणारीला एकदाही काही विचारलं नव्हतं. तिथेच ठरलं की प्रत्येक धूपछाँव साडीचे दोन फोटो जातील, दोन्ही रंगांचे, आणि खाली एक ओळ: उजेडाप्रमाणे या साडीचा रंग बदलतो. कुठला रंग आधी दाखवायचा ते विणणारी सांगेल.

परत आल्यावर सॉफ्टबॉक्सचं पांढरं कापड बदललं आणि बाजारात असलेल्या मॉडेलचा एक फ्लॅश घेतला, दोन नाही. तो पदरासाठी आणि पुढच्या उजेडासाठी. जुन्या दोघांपैकी एक मागच्या पडद्यावर, दुसरा राखीव. उरलेल्या पैशांत गच्चीचं काम निम्मं झालं. साठ साड्या हरितालिकेच्या आदल्या दिवशी पाठवल्या. त्या हंगामात दीदींकडे रंगाची तक्रार एकच आली, तीही गिऱ्हाइकानं खालची ओळ वाचली नव्हती म्हणून.

तो नवा फ्लॅश ऑक्टोबरात आला नाही, जानेवारीत आला. दुकानात जाऊन हाताळून बघितला. चांगला आहे, खरंच चांगला आहे. तो आल्यावर मी घेतलेल्या मॉडेलची किंमत थोडी उतरली, तेव्हा जरा चुटपुट लागली. घरी येऊन बाबांच्या वहीत ऑगस्ट ते डिसेंबरची आवक बघितली आणि चुटपुट गेली.

तर भाच्या, थांबूच नये असं मी म्हणत नाही. नवं येणारं तुझी नेमकी अडचण सोडवत असेल, आज बाजारात दुसरं कुठलंही ती सोडवत नसेल आणि तोवर तुझं काम जुन्यावर किंवा भाड्याच्यावर निभत असेल, तर खुशाल थांब. पण आधी ग्रे कार्ड घेऊन एक रविवार घालव. दुरुस्ती इंदुरात होते का आणि फ्लॅशची नळी सुटी मिळते का, हेही दुकानदाराला विचार. जुना फ्लॅश मात्र घरी उघडू नकोस. वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते आणि तिचा झटका जीवघेणा असतो.

आणि रविवारी अकराच्या पुढे स्टुडिओत आलास तर ग्रे कार्ड मी देते. बाबाही असतात. एन्लार्जरची गोष्ट ते तुला सांगतीलच.